हॉस्पिसमधून आईला सुट्टी

ज्यांच्या घरातलं माणूस आज हॉस्पिसमध्ये आहे आणि ज्यांना कुणीतरी नुकतंच सांगितलंय की पुढच्या आठवड्यात पेशंटला घरी न्या, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तेच मला सांगितलं गेलं तेव्हा मी जे केलं, ते तुम्ही करू नये म्हणून. आजाराची माहिती यात फारशी नाही, ती डॉक्टर देतील. सुट्टीची माहिती मात्र मला कुणी आधी दिली नव्हती, आणि मीही विचारली नव्हती.

कागद

माझी आई निपाणीत विड्या वळायची. दुपारी आमच्या गल्लीतल्या सात-आठ बायका एका कट्ट्यावर सुपं मांडीवर घेऊन बसायच्या आणि मी शाळेतून आले की त्यांना कागद वाचून दाखवायचे. कागद म्हणजे पत्रकं. युनियनची, जयंतीची, सीमाप्रश्नाची, कधी दारूबंदीची. बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं. आईला सही तेवढी येत होती. युनियनचा एक रिवाज होता. मालकाकडे किंवा सरकारकडे जाणारा कुठलाही अर्ज आधी बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. सगळ्यांनी माना हलवल्या की मग सह्या आणि अंगठे. एखादीनं मान हलवली नाही तर ओळ बदलायची.

दहाव्या वर्षी मला "निषेध", "पिळवणूक" आणि "त्वरित कार्यवाही" हे शब्द पाठ होते. पुढे बेळगावात शिकले, एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम धरलं आणि स्वतःच पत्रकं लिहायला लागले. अन्याय दिसला की माझा हात आधी कागदाकडे जातो. या सवयीची मला लाज नाही. पण आईच्या बाबतीत तो हात चुकीच्या ठिकाणी गेला.

भांडून झालं?

आईचं पोट दुखत होतं आणि ती ओवा खाऊन दिवस ढकलत होती. अंगावरची साडी सैल पडायला लागली तेव्हा आम्ही तिला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, बाजूला घेतलं. पोटात कॅन्सर होता आणि तो यकृतापर्यंत गेला होता. ऑपरेशन करून उपयोग नव्हता.

अण्णा म्हणाला, आईला सांगायचं नाही. मी म्हणाले, आजार तिचा आहे, तिला कळायलाच पाहिजे. जिन्यात उभं राहून आम्ही दोघांनी दाबलेल्या आवाजात एकमेकांना नको नको ते सुनावलं. त्यानं माझं लग्न न करणं काढलं, मी त्याचं वर्ष वर्ष निपाणीत न फिरकणं काढलं. तो बोरगावच्या गिरणीत कामाला होता. तिथून निपाणीला यायला बसनं कितीसा वेळ लागतो, असं मी विचारलं. परत आलो तर आई बाकावर पाय वर घेऊन बसलेली.

"भांडून झालं?" तिनं विचारलं. "आता सांगा."

आम्ही सांगितलं. ती म्हणाली की भूक लागलीय, डबा उघडा.

केमोचे दोन डोस झाले. तिसऱ्याला ती उठलीच नाही. पोटातल्या दुखण्यानं ती रात्रंदिवस गुडघे छातीशी घेऊन पडायची. साध्या गोळ्यांनी काही होईना. तेव्हा त्याच दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी पिरनवाडीच्या पुढच्या एका हॉस्पिसचं नाव दिलं.

पाच जुड्या दुखणं

हॉस्पिस म्हटलं की आमच्याकडे लोक आवाज खाली आणतात. अण्णा तर त्याला "शेवटचं हॉस्पिटल" म्हणायचा. मलाही तसंच वाटत होतं. दारातून आत गेलेलं माणूस खांद्यावरच बाहेर येतं, अशी माझी पक्की समजूत होती.

आत मात्र कुणी घाईत नव्हतं. सकाळी अंग पुसायचं, चादर बदलायची, वेण्या घालायच्या. चहा कधीही मागता यायचा. शांता सिस्टर मूळच्या कानडी मुलखातल्या, पण मराठी बोलायच्या आणि आईला आक्का म्हणायच्या. दुखणं दहापैकी किती, असं त्यांना रोज लिहावं लागे. आईला तो हिशेब जमेना. मग सिस्टरांनी विचारलं, "आक्का, विड्यांच्या जुड्यांत सांगा की." त्या दिवसापासून आईच्या तक्त्यावर दुखणं जुड्यांत पडायला लागलं. सकाळी पाच, दुपारी तीन, संध्याकाळी पुन्हा चार. मॉर्फिनच्या गोळ्यांची मात्रा जमायला आठवडा लागला. नंतर एक दिवस आई म्हणाली, "आज अर्धी जुडी. तीबी सुटी." वॉर्डातल्या सगळ्या हसल्या.

ती वरणभात खायला लागली. भिंतीला धरून संडासापर्यंत चालायला लागली. मी संध्याकाळी छापखान्यातून येऊन तिच्याजवळ बसायचे आणि मनात म्हणायचे, चला, ही जागा बरी आहे, इथेच सगळं शांतपणे होईल. "सगळं" म्हणजे काय, ते मी कधी पुरतं मनात आणलं नाही.

आणि तीन आठवड्यांनी ऑफिसातल्या बाईंनी मला सांगितलं, "पुढच्या सोमवारी तुमच्या आईंना डिस्चार्ज. गाडीचं बघून ठेवा."

माझं निवेदन

मी डॉक्टरांना भेटले नाही. सिस्टरांना विचारलं नाही. बाहेरच्या बाकावर बसून वही काढली.

मरणाच्या दारातल्या एका कष्टकरी बाईला बेड रिकामा करण्यासाठी हाकललं जातंय, असं मी लिहिलं. जिनं आयुष्यभर तंबाखूची धूळ श्वासात घेतली, तिच्या शेवटच्या दिवसांची जबाबदारी झटकली जातेय, असंही लिहिलं. भाषा चांगली झाली होती, हे आजही कबूल करते. मग वॉर्डातल्या इतर नातेवाइकांच्या सह्या घेतल्या. उद्या तुमच्यावरही ही वेळ येईल, असं प्रत्येकाला सांगितलं.

येळ्ळूरचे एक काका होते. त्यांची बायको शेजारच्या बेडवर. त्यांनी सही केली, पेन परत दिलं आणि विचारलं, "बाई, एक सांगा. आमच्या हिला घरला न्यायची तर अर्ज कुणाकडं करायचा? ती रोज शेताचं इचारती." मी म्हणाले, काका, तुम्हाला कळत नाही, इथं आहे ती सोय घरी मिळणार नाही. त्यांना चांगलंच कळत होतं. मलाच कळत नव्हतं.

निवेदन मी संस्थेच्या विश्वस्तांना दिलं. त्यांनी डॉक्टरांकडून लेखी खुलासा मागवला आणि बैठक होईपर्यंत सुट्टी थांबवली. मी जिंकल्यासारखी आईजवळ गेले. तिला यातलं काही सांगितलं नाही, उगाच जिवाला घोर नको म्हणून. सोमवार गेला, मंगळवार गेला. आई सिस्टरांना विचारत राहिली, गाडी का आली न्हाय? सिस्टर माझ्याकडे बघायच्या आणि "येईल, येईल" म्हणून निघून जायच्या. मला वाटलं, आई घाबरून विचारतेय.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी मला आईच्या बेडजवळच बोलावलं. त्यांच्या हातात माझं निवेदन होतं.

"तुमच्या आईंसमोर बोललं तर चालेल ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, चालेल.

"बेड आम्हाला लागतो, हे खरं आहे," ते म्हणाले. "खानापूरकडचा एक माणूस घरी कण्हत पडलाय, त्याला जागा नाही. पण त्यासाठी आम्ही कुणाला काढत नाही. तुमच्या आईंचं दुखणं आवरलं, उलट्या थांबल्या. आणि त्यांनी स्वतः घरी जायला मागितलं, म्हणून तारीख ठरवली."

मी आईकडे बघितलं. ती उशीला टेकून बसली होती आणि तिचं लक्ष त्या कागदाकडे होतं.

"कुणाच्या नावानं लिवलंयस ह्ये?"

"तुझ्या."

"वाच."

मी वाचलं. आधी घाईनं, मग ती हळू म्हणाली म्हणून हळू. सगळं वाचून झालं तेव्हा तिनं मान हलवली नाही.

"पोरी, आमच्या युनियनमधी आदी बाईला इचारायचे. मग कागद लिवायचे." ती चिडली नव्हती. "त्यो मालकासंगट भांडायचा रिवाज. तू माझ्यासंगटच भांडलीस न्हवं?"

शांता सिस्टर पडदा सारखा करायच्या निमित्तानं बाहेर गेल्या. मी आईला विचारलं की मला आधी का नाही सांगितलंस.

"सांगटलं असतं तर तू न्हाय म्हणाली असतीस. तुला भ्या वाटतंय."

तिचं खरं होतं. घरी नेल्यावर गोळी मी देणार, उलटी मी पुसणार, आणि एखाद्या दिवशी ती श्वास घ्यायची थांबली तर तिथे मीच असणार. माझ्या निवेदनात कष्टकरी, जबाबदारी, शेवटचे दिवस, सगळं होतं. फक्त ही एक ओळ नव्हती. मी माझी भीती तत्त्वाच्या आड लपवली होती, आणि त्यात आईचे चालता-फिरता येणारे आठ दिवस वॉर्डात गेले. घरी आल्यावर ती दारापर्यंत स्वतःच्या पायांनी जेमतेम दोन आठवडे चालली. ते आठ दिवस त्यात मिळवून बघायची सवय मला अजून सुटलेली नाही.

सुट्टी कशी होते

त्या दिवशी डॉक्टरांनी मला तासभर समजावलं. मला समजलं ते असं.

हॉस्पिस मरायची जागा आहे, हा आपला समज. तिथले लोक तिला दुखणं आवरायची जागा समजतात. दुखणं, उलट्या, जखम, दम, ज्या कशानं माणूस घरी राहू शकत नव्हतं ते आटोक्यात आलं, आणि घरी बघायला कुणी आहे, तर ते घरी पाठवतात. आजार तसाच असतो. तो बरा झाला असा त्याचा अर्थ नाही, आणि डॉक्टरांनी हात टेकले असाही नाही. पेशंटला स्वतःला जायचं असेल तर त्याला कुणी अडवत नाही. घरच्यांना पुन्हा मोठ्या दवाखान्यात उपचार करून बघायचे असतील तर चिठ्ठी देऊन पाठवतात, तोंड वाकडं करत नाहीत. आणि परत यावं लागलं तर येता येतं. फक्त त्या दिवशी बेड रिकामा असेलच असं ते सांगू शकत नाहीत. हे त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं, आणि तो स्पष्टपणा मला आवडला. सगळीकडे असंच असतं असं नाही, तुम्ही तुमच्या ठिकाणी विचारा.

निघायच्या आधी काय विचारायचं, तेही सांगते. गोळ्या किती दिवसांच्या दिल्यात आणि पुढच्या कुठून मिळणार? मॉर्फिन आमच्या गल्लीच्या औषधाच्या दुकानात मिळत नाही. त्यासाठी मला निपाणीहून बेळगावला एसटीनं यावं लागे, आणि दोन दिवस आधीच यावं लागे. मॉर्फिनबरोबर पोट साफ व्हायचं औषध दिलंय का? ते चुकवलं तर दुखण्यापेक्षा वाईट हाल होतात. दोन गोळ्यांच्या मध्येच दुखलं तर काय द्यायचं? फोन कुणाला करायचा? संस्थेची गाडी निपाणीपर्यंत पंधरा दिवसांतून एकदाच येणार होती. म्हणून सिस्टरांनी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली आणि एक संपूर्ण सकाळ मला आईला कुशीवर वळवायला शिकवलं. शेवटी त्या म्हणाल्या, "आता तुमचं बरोबर झालं. पाठ पण वाकली नाही तुमची."

आणि सगळ्यात आधी, ज्याची सुट्टी आहे त्याला विचारायचं.

घरी

गाडी गल्लीत शिरली तेव्हा बायका पदर डोळ्यांना लावूनच उभ्या होत्या. आमच्याकडे दवाखान्यातून घरी आणलं याचा एकच अर्थ घेतात. एक जण तर अण्णाला, पाहुण्यांना कळवलंस का, असं विचारून मोकळी झाली. आई स्ट्रेचरवरून उतरली, माझ्या खांद्याला धरून दारापर्यंत चालली आणि उंबऱ्याजवळ थांबून म्हणाली, "आलाय तर च्या घेऊन जावा. रडायला परत या."

ती दुपारी कट्ट्यावर जाऊन बसायची. तिच्या हातून विडी वळली जात नव्हती, पण कुणाची सैल झाली ते ती लांबून सांगायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुला बघून बरं वाटलं. आई म्हणाली, "मलाबी. अजून हाय म्हणून."

सगळं असंच नव्हतं. एक दिवस सकाळपासून उलट्या लागल्या. अण्णा वहिनीला घेऊन आला आणि त्यानं परस्पर कोल्हापूरच्या एका दवाखान्याची गाडी बोलावली. आपण काहीच न करता बघत बसायचं का, असं तो ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याच्यात मी दिसले, बाकावर वही घेऊन बसलेली. मी सिस्टरांना फोन लावला. त्यांनी कुठली गोळी जिभेखाली ठेवायची ते सांगितलं आणि म्हणाल्या, "आक्कांना विचारलं काय?"

मी अण्णाला आईजवळ नेलं आणि म्हणाले, तूच विचार. त्यानं विचारलं. आईनं त्याचा हात धरला आणि नको म्हणाली. तासाभरात उलटी थांबली. गाडी परत गेली. त्या दिवसानंतर अण्णा दर रविवारी आला आणि आईची नखं कापत बसला. आधी वर्षभर न बोललेलं त्या दोघांत तेव्हा बोलून झालं असावं. मी स्वयंपाकघरात असायचे.

परत

अडीच महिन्यांनी आईला गिळता येईना. पोट फुगलं, पायांवर सूज चढली. लघवीची नळी, दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंड ओल्या कापसानं पुसणं. मला सगळं यायला लागलं होतं. मी वेळापत्रक करून भिंतीला लावलं होतं. माझ्या हाताला त्या कामांचा एक अभिमानच चढला होता.

तेव्हा एका सकाळी तिनं, तोंड पुसून झाल्यावर, सिस्टरांना फोन लावायला सांगितला. तिला हॉस्पिसमध्ये परत जायचं होतं.

मी नाही म्हणाले. जिथून तिला हलवू नये म्हणून मी भांडले होते, तिथे तिला पाठवायला आता मी तयार नव्हते. मी म्हणाले, मी आहे की. काय कमी पडलं?

"काय कमी पडलं न्हाय गं." तिला एकेक शब्दाला दम लागत होता. "तू सारकी घड्याळ बगतीस. नळी बगतीस. सूज बगतीस. मला कवा बगणार?"

मी तिच्याकडे बघितलं. गेल्या कितीतरी दिवसांत मी तिचा चेहरा नुसता बघितला नव्हता. बघायचे ती कोरडे ओठ, पिवळे डोळे.

"ती कामं त्यास्नी करू दे," ती म्हणाली. "तू नुस्ती बस."

मी फोन लावला. बेड दोन दिवसांनी मिळाला. कुणाचा रिकामा झाला, ते मी विचारलं नाही. येळ्ळूरचे काका तिथे नव्हते. त्यांनी बायकोला केव्हाच घरी नेलं होतं, असं शांता सिस्टरांनी सांगितलं.

आई तिथे नऊ दिवस होती. छापखान्यातली माझी रजा आईला घरी नेल्यापासून चालूच होती. गोळ्या सिस्टर द्यायच्या, कूस त्या बदलायच्या. पहिले दोन दिवस माझे हात सारखे काहीतरी शोधत राहिले. मग राहिले जागेवर. मी तिच्या बेडजवळ खुर्ची ओढून बसायचे. ती बोलली तर बोलायचो. एकदा तिनं मला माझ्या जन्माच्या दिवशीची हकीकत सांगितली, तीही अर्धी, कारण तिला झोप लागली. अण्णा यायचा तेव्हा तिघेही गप्प बसायचो आणि कुणाला ते खटकत नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी कपाळ गादीला टेकलं आणि कित्येक आठवड्यांनी मला गाढ झोप लागली. जाग आली ती शांता सिस्टरांच्या स्पर्शानं. आई गेली होती. सिस्टर म्हणाल्या, मला कळून थोडा वेळ झाला. पण आक्कांची बोटं तुमच्या केसांत होती, म्हणून लगेच उठवलं नाही.

मग त्यांनी ती बोटं हळूहळू सोडवली.